परिशिष्ट क

नागपुरात ट्रस्ट म्हटलं की
ऑटोवाला सदरला नेऊन सोडतो,
सुधार प्रन्यासच्या फाटकाशी.
तो नाही रे बाप्पा, मी म्हटलं,
माझा ट्रस्ट अजून व्हायचा आहे.

ढाकाटे वकिलीणबाईंचं ऑफिस धंतोलीत,
दवाखान्यांच्या गर्दीत, दुसऱ्या माळ्यावर.
कूलरमधून वाळ्याचा ओला वास,
टेबलावर माझी फाईल:
आखीव पत्रिका, आर.एल.चं पत्र,
पेन्शनचं पुस्तक, चार मुदत ठेवी
आणि शिशिरचं प्रमाणपत्र,
ज्यात त्याचं अख्खं असणं
एका टक्केवारीत बसवलंय.

अडतीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
दुसऱ्यांच्या हिशेबांवर लाल खुणा केल्या मी.
आक्षेप कसा लिहावा ते मला कळतं.
आज उत्तरं द्यायची पाळी.

"ठेवींवर नॉमिनी कोण?"
"भाऊ."
"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, निमजेबाई.
तो दारापर्यंत पार्सल आणणारा.
घर कोणाचं, हे कायदा वेगळं विचारतो."

मग दर सांगितले.
हयातीत ट्रस्ट केला, वाटा मोकळा ठेवला,
तर कर सगळ्यात वरच्या दराने, पहिल्या रुपयापासून.
मृत्युपत्रातून केला, एकच,
फक्त अवलंबून असलेल्या मुलासाठी,
तर साध्या माणसासारखा, पायरीपायरीने.
"म्हणजे मी मेल्यावर स्वस्त पडते."
ती हसली नाही.
पेनचं टोपण लावलं, परत काढलं.

शिशिर बाहेर बाकावर,
फिरत्या पंख्याची पाती मोजत.
चौतीस वर्षांचा.
दाढी मी करून देते, मंगळवार सोडून;
मंगळवारी त्याला ब्लेडचा आवाज चालत नाही.
पालक नेमायला कलेक्टर कचेरीत समिती बसते.
समोर बसवून विचारतील,
बेटा, तुला कोण हवं?
तो म्हणेल, अठ्ठावन्न.
काल अजनीच्या पुलाखालून गेलेल्या
मालगाडीचे डबे.

विश्वस्त दोन हवेत.
भावाने लगेच हो म्हटलं,
मग विचारलं, प्लॉट किती फुटांचा?
भाचीने पुण्याहून विचारलं,
मावशी, तो रात्री झोपतो का गं?
नाव मी तिचं लिहिलं.
दुसरं मोईनुद्दीनभाईंचं,
मेडिकल चौकातले घड्याळवाले.
बंद पडलेली घड्याळं सकाळी त्याला मोजायला देतात,
संध्याकाळी मोजून परत घेतात,
आणि पावती म्हणून एक गोळी, संत्र्याची.
वीस वर्षं झाली.

"लाभार्थीच्या गरजा लिहा आता."
अन्न, वस्त्र, औषध, निवारा, लिहिलं.
पुढे हात थांबेना.
रविवारी पाच वाजता अजनी पूल.
गाडी आली नाही तर थांबणे.
आली तर मध्ये बोलू नये.
शेवटचा डबा गेला की आकडा विचारावा.
चुकलेला वाटला तरी बरोबर म्हणावं.
चुकलेला नसतो.

वकिलीणबाईंनी दोनदा वाचलं.
"हे दस्तात नाही बसत. उद्या कोणी नाही पाळलं
तर कोर्ट काही करू शकणार नाही."
"मग बसतं कशात?"
तिने मुद्रांकाचा कागद बाजूला सरकवला,
ड्रॉवरमधून साधा कोरा काढला.
"वर परिशिष्ट क लिहा. खाली, विश्वस्तांना विनंती."

अडतीस वर्षांत मी एकही विनंती
मंजूर झालेली पाहिली नव्हती
पुराव्याचा कागद जोडल्याशिवाय.
तरी लिहिली. चांगल्या अक्षरात.

उतरताना शिशिरने माझं बोट धरलं,
जिन्याच्या पायऱ्या मोठ्याने मोजल्या.
एकवीस.

चढताना मी मोजल्या होत्या, बावीस.
आक्षेप नोंदवला नाही.